कोल्हापुरी पायताण ऑनलाइन विकतोय, पण माप चुकून जोड परत येताहेत. काय करावं?

कापशी_गोंडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात बचत गटाशी जोडलेली अकरा घरं हाताची कोल्हापुरी करतात. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, शिलाई चामड्याच्या वादीची, खिळा कुठंच नाही. सगळ्यांचे मिळून महिन्याला दीडशे-दोनशे जोड निघतात. आतापर्यंत माल कोल्हापुरातल्या चप्पल लाईन बाजाराच्या व्यापाऱ्यांकडं जायचा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्यासारखं पायताण दाखवलं आणि गदारोळ झाला, तेव्हापासून पुण्या-मुंबईकडून थेट चौकशा येतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विक्री सुरू केली. अडचणी अशा:

शंभर जोड पाठवले तर वीस-बावीस परत येतात. कारण जवळजवळ नेहमी एकच, "लहान झाली" किंवा "मोठी झाली". फोटोत रंग पिवळा दिसतो, हातात पडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं हा तो नव्हेच. जीएसटी घ्यायचा की नाही यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक जण प्रत्येक जोडावर क्यूआर कोड लावून देतो म्हणतोय, वर्षाला पैसे मागतोय. आणि वेबसाइटचं चाळीस हजारांचं कोटेशन आलंय.

आधी कशाला हात घालावा? गटात स्मार्टफोन नीट चालवणारे दोघंच आहेत, हे धरून सांगा.

---

रापी_आरी

वेबसाइट, क्यूआर सगळं बाजूला ठेवा. आधी माप. शंभरात बावीस जोड परत येत असतील तर वेबसाइट सुरू करून परताव्यांची संख्याच वाढेल.

गोची कुठं होते ते बघा. गिऱ्हाईक म्हणतं "आठ नंबर". त्याचा आठ म्हणजे त्याच्या बुटाचा आठ. बुटाचा नंबर फर्म्याच्या (पायाच्या आकाराच्या ठोकळ्याच्या) लांबीवरून येतो आणि त्यात बोटांपुढं सोडलेली मोकळी जागा धरलेली असते. आपल्याकडं लाकडी फर्मा नसतो, तळ पुठ्ठ्याच्या साच्यावरून रापीनं (कातडं कापायच्या हत्यारानं) कापतात. अकरा घरांत अकरा साचे, प्रत्येकाचा आठ वेगळा. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४६ मिमी. दोन घरांच्या 'आठ'मध्ये पाच-सहा मिमी फरक असला की अर्ध्याहून जास्त नंबर तिथंच गेला, गिऱ्हाइकाची चूक नंतर.

म्हणून पहिलं काम: सगळ्यांचे साचे एका ठिकाणी आणा, स्टीलच्या पट्टीनं मिमीत मोजा आणि एकच संच ठरवा. तो जाड प्लॅस्टिक शीटवर कापून अकराही घरांना द्या. पुठ्ठा दोन-तीन महिन्यांत कडेनं झिजतो आणि रापी प्रत्येक वेळी थोडी आत जाते, म्हणून प्लॅस्टिक. साच्यावर नंबराशेजारी मिमीतली लांबी कोरा.

दुसरं, गिऱ्हाइकाला नंबर विचारूच नका, पाऊल मागा. पद्धत अशी:

ए-४ कागद जमिनीवर, आखूड कड भिंतीला टेकवून. टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहायचं. सगळ्यात लांब बोटापुढं खूण करायची. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढं असतं. दोन्ही पावलं मोजायची, संध्याकाळी. पाय दिवसभरात थोडे सुजतात आणि डावा-उजवा क्वचितच सारखे असतात. जोड मोठ्या पावलावर करायचा.

इथं एक बारीक चूक सगळेच करतात. पेन्सिलनं पावलाभोवती रेघ मारली तर शिसं पेन्सिलीच्या मध्यात असतं. पेन्सिल ७ मिमी जाड, म्हणजे रेघ पावलापासून साडेतीन मिमी लांब पडते. पुढं साडेतीन, मागं साडेतीन, एकूण सात मिमी. जवळपास एक नंबर नुसत्या पेन्सिलीनं वाढवला! पेन्सिल आत झुकवली तर उलटं, रेघ तळव्याखाली जाते आणि माप लहान येतं. टाच भिंतीला टेकवली की मागची चूक जाते. पुढच्या खुणेसाठी बॉलपेनची नुसती रिफिल सरळ उभी धरायला सांगा, ती जेमतेम ३ मिमी जाड असते.

तिसरं माप पंजाच्या घेराचं. ते कुणी मागतच नाही, आणि आपल्या पायताणाचा सगळा खेळ पट्टा, कान (बाजूच्या पाकळ्या) आणि अंगठ्यावर (पायाचा अंगठा घालायच्या कडीवर) आहे. बोटभर रुंदीची कागदी पट्टी पंजाच्या सगळ्यात रुंद भागाभोवती गुंडाळायची, जिथं टोक जुळतं तिथं खूण करायची, आणि ती पट्टी त्याच ए-४ वर आडवी-तिरपी चिकटवायची. लांबी बरोबर असूनही "पाय आत जाईना" म्हणून आलेले जोड याच्यातले असतात.

आता फोटो. नुसता फोटो तिरपा येतो, त्यावरून मोजायचं नाही. गुगल ड्राइव्हमधलं स्कॅन वापरायला सांगा किंवा आलेला फोटो तुम्हीच त्यात घाला. कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, ही एकच अट. स्कॅन कोपरे पकडून पान सरळ करतं. मग ते छापून साचा थेट त्यावर ठेवायचा. छापताना प्रिंटरची मांडणी '१०० टक्के' किंवा 'मूळ आकार' ठेवा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर पान तीन-चार टक्क्यांनी आकसतं. २६० मिमीच्या पावलावर चार टक्के म्हणजे १० मिमी, एका नंबरापेक्षा जास्त. यासाठी कागदावर गिऱ्हाइकाकडून पट्टीनं बरोबर १० सेंमीची रेघ मारून घ्या. छापल्यावर ती आधी मोजा. १० भरली तर पुढं जा. (मापासाठी एटीएम कार्ड कागदावर ठेवून फोटो पाठवा असं काही जण सुचवतात. कृपा करून तसलं काही मागू नका.)

पावलापेक्षा तळ किती मोठा? उघड्या पायताणाला ८ ते १० मिमी पुरे. पण तुमच्या टाचेच्या घडणीवर फरक पडतो, म्हणून पहिल्या वीस जोडांची वही ठेवा: पावलाची लांबी, घेर, दिलेला साचा, आणि आठवड्यानं गिऱ्हाईक काय म्हणालं. दुसऱ्याचा तक्ता नेटवरून उतरवून घेऊ नका.

जोडासोबत एक चिठ्ठी पण टाका: "पहिले चार-पाच दिवस पट्टा आणि अंगठा घट्ट वाटेल. रोज घरात अर्धा तास घाला. कातडं पायाचा आकार घेतं." नवीन गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. ते पहिल्या दिवशी घालून बघतं आणि परत पाठवतं.

---

उजेड_सावली

मापाबद्दल वर आलंच आहे. फोटोवर थोडं.

पिवळेपणा बल्बमुळं येतो. घरातला पिवळा एलईडी आणि दारातून येणारा निळसर उजेड दोन्ही एकत्र पडले की फोन गोंधळतो. सगळे दिवे बंद करा. सकाळी नऊ ते अकरा, ऊन थेट येत नाही अशा दाराशी किंवा पडवीत. खाली पांढरा नाही, करड्या रंगाचा मॅट कागद घाला. पांढऱ्यावर फोन पायताणाला काळपट करतो. दाराच्या विरुद्ध बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा करा, सावलीतली वेणी आणि शिलाई उघडी पडते.

फोन जवळ नेऊ नका. जवळून वाइड लेन्स पुढचा भाग फुगवते आणि टाच बारीक दिसते, गिऱ्हाइकाला वाटतं पायताण रुंद आहे. तीन-चार फूट मागं उभं राहा आणि दुप्पट झूम करा. फिल्टर, 'ब्यूटी', सगळं बंद. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, त्यानंतर उजेड फोटोगणिक बदलत नाही.

तेल लावलेल्या जोडाचा फोटो त्याच दिवशी काढू नका. ओलं तेल चमकतं आणि रंग दोन छटा गडद दिसतो. एक दिवस मुरू द्या. शिवाय झाडपाल्यात कमावलेलं कातडं उन्हानं, वापरानं गडद होत जातं. हे वर्णनात लिहा, आणि एकाच फोटोत नवा जोड आणि सहा महिने वापरलेला जोड शेजारी ठेवा. त्या एका फोटोनं रंगावरची निम्मी भांडणं मिटतात. "नैसर्गिक रंग, थोडा फरक संभवतो" असलं छापील वाक्य कुणी वाचत नाही.

एका जोडाचे सहा फोटो पुरेत: तिरपा जोड, वरून, तळाची खालची बाजू, बाजूनं पट्टी लावून तळाची जाडी, वादीची शिलाई अगदी जवळून, आणि पायात घातलेला. शिलाईचा जवळचा फोटो सोडू नका. यंत्रावर शिवलेल्या किंवा खिळे ठोकलेल्या मालापासून तुमचा माल तिथंच वेगळा दिसतो. आणि चालतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट. करकर वाजणारं पायताण नुसत्या फोटोत विकायचं म्हणजे मिसळ बिनतर्रीची.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर शिलाईचा चिखल होतो.

---

हिशेबनीस

कराचं सांगतो. यात ऐकीव गोष्टी फार फिरतात.

पादत्राणाचा दर: २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. हा दर नोंदणी असलेल्यालाच लावता येतो. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी म्हणून रक्कम घेणं गुन्हा आहे, ते चुकूनही करू नका.

नोंदणी लागते का? मालाची विक्री महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल तर वर्षाच्या ४० लाखांपर्यंत लागत नाही. राज्याबाहेर पाठवायचं तर सर्वसाधारण नियमानं पहिल्या रुपयापासून लागते, पण हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे. अधिसूचनेतल्या यादीत चामड्याची पादत्राणं आहेत, मालाच्या वर्गीकरणातलं शीर्षक ६४०३ आणि ६४०५. एकूण उलाढाल २० लाखांच्या आत हवी, पॅन हवं, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाठवणीला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) हवं. ५० हजारांची मर्यादा इथं लागू नाही, एका जोडालाही ई-वे बिल काढायचं. बहुतेकांना हेच माहीत नसतं. वस्तू प्रामुख्यानं हातानं घडवलेली असली पाहिजे. यंत्रावर कापलेला रबरी तळ लावलेल्या मालाला ही सूट गृहीत धरू नका.

ऑनलाइन बाजारावरून विकायचं तर गोष्ट वेगळी. १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीचा विक्रेताही त्यावर विकू शकतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या बाजारावरून बेंगळुरूला माल पाठवायचा तर पूर्ण नोंदणी लागणार. म्हणून तुमच्या आकाराच्या गटाला सरळ वाट अशी: राज्याबाहेरचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर, ई-वे बिल काढून स्पीड पोस्टनं. बाजारावरची विक्री सध्या महाराष्ट्रापुरती. आणि उलाढाल गटाच्या नावावर धरायची की प्रत्येक कारागिराच्या, हे बिल कोण फाडतं त्यावर ठरतं. ते आधी ठरवून सीएला एकदा दाखवा, नंतर नाही.

आता किंमत. इथं बहुतेक गट स्वतःच्या खिशातून माल विकतात आणि त्यांना कळतही नाही. समजा जोडाचा खर्च मजुरीसकट ९०० रुपये. खोकं-कागद ४०, पाठवणी ११०. झाले १०५०. बाजाराचं कमिशन, पेमेंट शुल्क, जाहिरात मिळून २० टक्के धरू. लोक काय करतात, १०५० वर २० टक्के चढवून १२६० लावतात. पण कमिशन विक्री किमतीवर कापलं जातं. १२६० चे २० टक्के २५२, हातात १००८. जोडामागं ४२ रुपये गेले, आणि ते मजुरीतूनच जातात, कारण कातडंवाला तर आपले पैसे आधीच घेऊन गेलेला असतो.

बरोबर रीत: भागाकार करा. आधी परताव्याचा बोजा मिळवा. जाण्या-येण्याचे २२० रुपये गुणिले परताव्याचं प्रमाण. शंभरात बावीस असतील तर ४८ रुपये, बारावर आणलेत तर २६. बारा धरलं तर १०५० अधिक २६ म्हणजे १०७६. त्याला ०.८० नं भागा, १३४५. ही ना नफा ना तोटा किंमत. नफा हवा तर तो भागायच्या आधी मिळवा. गुगल शीटमध्ये पाच रकाने करून ठेवा, प्रत्येक नमुन्याला एक ओळ. मजुरीचा रकाना दिवसांत लिहा, रुपयांत नंतर. वेणी घालायला किती वेळ गेला हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय तो रकाना खरा भरत नाही.

नोंदणी केलीत तर बाजारवाले तुमच्या विक्रीच्या पैशातून जीएसटीचा ०.५ टक्का टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस आधीच कापून सरकारकडं भरतात. वैयक्तिक विक्रेत्याची त्या बाजारावरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर आयकराचा टीडीएस कापत नाहीत. कापलेलं दोन्ही परत मिळतं, पण विवरणपत्र भरलं तरच.

---

शाहूपुरी_प्रिंट

क्यूआरबद्दल. वर्षाला पैसे मागतोय म्हणजे तो 'डायनॅमिक' कोड देतोय. त्यात तुमचा पत्ता नसतो, त्याच्या सर्व्हरचा असतो, तिथून तो तुमच्या पानाकडं ढकलतो. पैसे थांबले की विकलेल्या सगळ्या जोडांवरचे कोड मेले. फुकट डायनॅमिक कोडचंही तेच, मुदत संपली की जाहिरात उघडते. पायताण पाच वर्षं चालतं, कोड वर्षभर.

'स्टॅटिक' कोड करा. तो फुकट असतो, त्यात पत्ता थेट कोरलेला असतो, कधी मरत नाही. फक्त पत्ता तुमच्या मालकीचा हवा. स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) वर्षाला साधारण हजाराच्या आसपास मिळतं, त्यावर एकच साधं पान पुरे. म्हणजे चाळीस हजारांच्या वेबसाइटचं उत्तरही मिळालं.

छपाई: कोड किमान २ सेंमी गुणिले २ सेंमी, चारही बाजूंना मोकळी पांढरी जागा, चूक-दुरुस्ती पातळी 'क्यू' किंवा 'एच', म्हणजे कोड थोडा खराब झाला तरी वाचता येतो. पत्ता आखूड ठेवा, लांब पत्त्यानं ठिपके बारीक होतात. कातड्यावर लेझरनं कोरून देतो म्हणणारे भेटतील. नव्या जोडावर ते छान दिसतं, पण तेल आणि वापरानं कातडं गडद झालं की जळकी रेघ आणि कातडं एकाच रंगाचं होतं, फोन वाचत नाही. कोड टॅगवर छापा. तळाच्या आतल्या बाजूला लोखंडी अंकठशानं चार-पाच आकडी क्रमांक ठोका. टॅग हरवला तरी क्रमांक राहतो, आणि तोच क्रमांक रापी_आरी म्हणाले त्या मापाच्या वहीत.

कोड उघडल्यावर काय दिसावं: नमुन्याचं नाव, कातडं कुठलं, कोणत्या गावात घडवलं, निगा कशी राखायची, दुरुस्ती कुठं होईल. कारागिराचं नाव त्याला विचारून. घरचा फोन, आधार, बँकेचा तपशील अजिबात नाही. आणि पैशाचा यूपीआय कोड त्याच टॅगवर छापू नका, लोक गोंधळतात.

पण एक समजून घ्या. क्यूआरनं माल खरा ठरत नाही. कोडची झेरॉक्स कुणीही काढतं. खरेपणाला कायद्याचा आधार जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) आहे. कोल्हापुरी चपलेचा जीआय २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा एकत्र आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंदणी दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे, लिडकॉम आणि लिडकर. पण ते चिन्ह लावायचा हक्क आपोआप मिळत नाही. प्रत्येक उत्पादकाला चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालावं लागतं. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर त्याची फी फक्त १० रुपये आहे, आधी ५०० होती. अकरा घरांचे ११० रुपये. क्यूआरवाल्याला देण्याआधी हे भरा.

---

अथणीकर

वरच्या सगळ्याशी सहमत, एक सोडून. उजेड_सावली, सहा फोटो आणि व्हिडिओ प्रत्येक जोडाचा काढायचा म्हटलं तर शिलाईची आरी धरायची कुणी? नमुन्याचे काढा, जोडाचे नको. आणि कारागिराच्या हातात फोन देऊन "आता तूच विक" हे बंद करा. दुपारी चार वाजता वादी ओढताना "भाऊ, फायनल किती?" असा मेसेज आला की काम मोडतं. भिजवलेलं कातडं वाळतं आणि शिलाई ढिली बसते. अकरा घरांमागं फोनवर एकच माणूस, ठरलेल्या वेळी, त्याचा मेहनताना किमतीत धरून.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्यासाठी पुरतं. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, तुम्हाला पंधरा नमुने टाकायचेत. तयार उत्तरं ५० पर्यंत ठेवता येतात: आपण '/माप' लिहून निवडलं की माप घ्यायची चित्रं आणि सूचना तयार, '/निगा' लिहिलं की निगा. लेबलं लावा: माप आलं, पैसे आले, कापणीला, शिलाईला, पाठवलं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच नंबर जतन करायला सांगा.

पैशाचं: गिऱ्हाइकानं पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय लेबल बदलायचं नाही. "पैसे घेण्यासाठी पिन टाका" म्हणणारा चोर आहे, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि वेणी, गोंडे बहुतेक घरांत बायका करतात, पण खातं नवऱ्याचं. त्यांच्या कामाचे पैसे त्यांच्या खात्यात वेगळे टाका. यूपीआयला त्याचा जादा खर्च शून्य आहे.

केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारीचा व्यवसाय १८ व्यवसायांत आहे. सेवा केंद्रावर आधारच्या बोटठशानं नोंद, मग ग्रामपंचायतीची पडताळणी. १५ हजारांचं हत्यारांचं व्हाउचर, पहिलं कर्ज एक लाख ५ टक्क्यांनं. डिजिटल व्यवहारामागं एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. एका कुटुंबात एकालाच मिळतं, तेव्हा नाव कुणाचं घालायचं ते घरात आधी ठरवा.

---

कापशी_गोंडा

सगळ्यांचे आभार. साचे गोळा करायला आजच सांगितलं. चार घरांचे आठ नंबरचे साचे लगेच मोजले: २७२, २७५, २७८, २७३. रापी_आरी, तुमचं खरं निघालं. दोन प्रश्न उरले. अमेरिकेतून तीन मराठी कुटुंबांनी मापं पाठवली, ती छापल्यावर काहीतरी विचित्र लांब येतात. आणि पावसाळ्यात पाठवलेले दोन जोड बुरशी येऊन परत आले.

---

रापी_आरी

अमेरिकेत ए-४ नसतो. त्यांचा लेटर कागद २७९ गुणिले २१६ मिमी. स्कॅननं त्याचे कोपरे पकडून तुमच्याकडं ए-४ म्हणून ताणलं, २७९ चं २९७ झालं. म्हणजे साडेसहा टक्के लांब, २५० चं पाऊल २६६. रुंदी मात्र थोडी आकसते, म्हणून चित्र विचित्र दिसतं. १० सेंमीची रेघ लांबीच्या दिशेनं मारली असती तर तिथंच पकडलं असतं. तिघांनाही कागदाचं नाव विचारा आणि लेटर असेल तर लांबीला ०.९४ नं गुणा. त्यापेक्षा बरं म्हणजे भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर त्यांनाच मिमीत मोजून आकडा लिहायला सांगा. इंचाची पट्टी असेल तर इंच आणि सोळांश.

अमेरिकेला पाठवताना आणखी एक: ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालीय. आयात कर कोण भरणार हे पैसे घेण्याआधी लिहून ठरवा. निर्यातीला आयईसी (आयात-निर्यात संकेत) क्रमांक लागतो, फी ५०० रुपये, आणि डाकघर निर्यात केंद्रातून टपालानं पाठवता येतं.

बुरशीचं कारण बहुधा प्लॅस्टिकची पिशवी. तेल लावलेलं, आत थोडा ओलावा असलेलं कातडं पिशवीत बंद केलं की तीन दिवसांत पांढरी बुरशी येते. शिलाईसाठी भिजवलेला तळ वरून कोरडा वाटतो, आत दमट असतो. पावसाळ्यात सावलीत पंख्याखाली दोन दिवस जास्त द्या, उन्हात नको, तळ वाकतो. बटर पेपरमध्ये गुंडाळा, ५ ग्रॅमच्या दोन सिलिका पुड्या, तीन-पदरी खोकं, आणि पावसाचं प्लॅस्टिक खोक्याच्या बाहेरून.

खोकं लहान ठेवा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणून ५००० नं भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर तेच लावतात. जोड शेजारी-शेजारी ठेवला तर ३२ गुणिले २२ गुणिले ११, म्हणजे १.५५ किलो. तळाला तळ लावून, एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांकडं करून ठेवला तर ३२ गुणिले १४ गुणिले ९ मध्ये बसतो, ०.८१ किलो. फक्त गोंडा चेपत नाही ना ते बघा, त्याच्यावर कागदाचा बोळा ठेवा.

आणि ते २७२ आणि २७८ वाले साचे फेकू नका. त्यांच्यावर नवीन आकडे टाका. साडेसात आणि साडेआठ मागणारे लोक भेटतीलच.